पथ्य मिठाचं

काचेच्या टाकीत मासे पाळणं आपल्या बेळगावला नवीन नाही. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, कुठेही जा, एखाद्या दिवाणखान्यात गप्पी नाहीतर गोल्डफिश फिरताना दिसतातच. पण ते सगळे गोड्या पाण्याचे. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि पोरांना नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊन मासा हवाहवासा वाटू लागला. तो मात्र समुद्राचा. हळूहळू आपल्याकडेही काही घरांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या, आणि त्यांच्या मागोमाग या सदराकडे एक ठरावीक प्रश्न येऊ लागला: "माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत, तो दगडाला अंग घासतोय, काय करू?"

माझं उत्तर ऐकून विचारणारा आधी माझ्या तोंडाकडे बघत राहतो. उत्तर असं, की माशाला वेगळ्या टाकीत काढा आणि त्या पाण्यातलं मीठ निम्म्याहून कमी करा. समुद्राच्या माशाला समुद्राचंच पाणी सोसत नाही की काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून आज हा विषय जरा सविस्तर घेतो.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. हे ठिपके म्हणजे बुरशी नव्हे की पुरळ नव्हे. तो एकपेशीय परजीवी आहे. जपानमध्ये सिकामा या संशोधकाने १९३७ साली समुद्री माशांवरच्या या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचं वर्णन केलं, आणि १९५१ साली ब्राऊन यांनी त्या जीवाला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिलं. नाव लांबलचक आहे, आपण त्याला ठिपकेवालाच म्हणू. कन्नड घरात ‘बिळी चुक्की’ म्हटलं तरी चालेल. रांगोळीच्या चुक्कीएवढाही तो नसतो, फार तर बारीक रव्याचा कण.

या ठिपकेवाल्याच्या आयुष्याचे चार टप्पे आहेत आणि ते समजल्याशिवाय औषधपाणी करण्यात अर्थ नाही. पहिल्या टप्प्यात तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यात, वरच्या पातळ थराच्या आत शिरून बसतो आणि तिथल्या पेशी खाऊन फुगतो. तेव्हाच तो आपल्या डोळ्यांना दिसतो. तीन ते सात दिवसांत पोट भरलं की तो आपणहून मासा सोडतो. दुसऱ्या टप्प्यात तो तळाशी थोडा वेळ सरपटतो. तिसऱ्यात दगडाला, वाळूला नाहीतर काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो, आणि त्या कवचात त्याचे तुकडे होत होत एकाचे दोनशेपर्यंत होतात. चौथ्या टप्प्यात कवच फुटून ही पिल्लं पोहत बाहेर पडतात. त्यांच्याजवळ साधारण एक-दोन दिवसांचाच अवधी असतो. तेवढ्यात मासा सापडला तर जगली, नाहीतर मेली.

उघड्या समुद्रात बहुतेक पिल्लं मरतातच. एवढ्या पाण्यात मासा सापडणार कुठे? काचेच्या टाकीतला हिशेब मात्र उलटा आहे. मासा रोज रात्री त्याच कोपऱ्यात झोपतो, त्याच्या अंगावरून गळलेलं कवच त्याच कोपऱ्यात चिकटतं, आणि पिल्लं बहुधा पहाटेच्या अंधारातच बाहेर पडतात. म्हणजे घरच्याच माणसाच्या उशाशी चोराने बिऱ्हाड करावं, तसली गत. पहिल्या खेपेला पाच ठिपके असतील तर दुसऱ्या खेपेला पन्नास दिसतात आणि तिसऱ्या खेपेला कल्ले भरून माशाचा श्वास कोंडतो.

आता मिठाकडे येऊ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तातले क्षार त्याच्या सुमारे एकतृतीयांश. कच्च्या कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे कुठल्याही गृहिणीला सांगायला नको. समुद्रात राहणाऱ्या माशाची तीच अवस्था असते. चहूबाजूंचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढत राहतं. मग तो काय करतो? समुद्राचं पाणी पितो, आणि त्याबरोबर आलेलं जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. ‘उप्पु तिंदवनु नीरु कुडियलेबेकु’, मीठ खाल्लं त्याला पाणी प्यावंच लागतं, ही कन्नड म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो. समुद्रातल्या माशाला ती अक्षरशः लागू आहे. पाणी पिणं आणि मीठ उपसणं हे त्याचं जन्मभराचं काम, आणि त्यात त्याची बरीच शक्ती जाते.

ठिपकेवाल्याने कातडीला आणि कल्ल्यांना भोकं पाडली की हे काम आणखी जड होतं. अशा वेळी बाहेरचं पाणी त्याच्या रक्ताच्या जवळपास आणून ठेवलं तर आजाऱ्याचं ओझं उतरतं. हा झाला पहिला फायदा. दुसरा त्याहून मोठा. ठिपकेवाल्याला माशासारखे कल्लेही नाहीत आणि मूत्रपिंडही नाही. पाण्यातलं मीठ एकदम घटलं की त्याच्या अंगात पाणी शिरत जातं आणि कवचातले जीव, पोहणारी पिल्लं तगत नाहीत. मासा ही घट महिनाभर सोसू शकतो, परजीवी सोसू शकत नाही. सगळा उपचार या एका फरकावर उभा आहे.

ही नुसती कुणाची अटकळ नव्हे. इस्रायलमध्ये लाल समुद्राकाठच्या एलात इथे अँजेलो कोलोर्नी यांनी शेतीतल्या ब्रीम माशांवर हा प्रयोग केला आणि १९८५ साली तो प्रसिद्ध केला. मिठाचं प्रमाण हजारी १० पर्यंत उतरवलेल्या पाण्यात मासे तीन-तीन तास ठेवले, तीन-तीन दिवसांच्या अंतराने चार वेळा, आणि रोग हटला. घरच्या टाकीत असं रोज खाली-वर करणं अवघड, म्हणून पाळणारे लोक सलग पद्धत वापरतात: प्रमाण हजारी १४ ते १५ वर आणायचं आणि तिथेच चार आठवडे धरून ठेवायचं.

आमच्या ओळखीच्या एका घरातली हकीकत सांगतो, म्हणजे यातल्या अडचणी कळतील. आजी मूळच्या कारवारच्या, सून धारवाडची, आणि आठवीतला नातू. घरात निम्मं बोलणं मराठी, निम्मं कानडी. नातवाने दोन वर्षं वाढदिवसाचे पैसे साठवून तीन क्लाऊन मासे आणले होते. मला बोलावणं आलं तेव्हा एक मासा गेलेला होता आणि उरलेल्या दोघांच्या अंगावर कुणी मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके होते. पोराने दोन दिवस धड जेवण घेतलं नव्हतं. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली होती, पण कुठल्या रोगावर, ते काही सांगितलं नव्हतं.

मी मीठ कमी करायचं म्हटल्यावर आजींनी कपाळाला हात लावला. "समुद्रातल्या माशाला नदीचं पाणी? अहो सर, मरेल तो!" मी विचारलं, "पावसाळ्यात काळी नदीला पूर येतो तेव्हा खाडीचं पाणी कसं लागतं हो?" त्या म्हणाल्या, "जवळजवळ गोडंच." "आणि मासे?" "असतात की." त्यांचं त्यांनाच पटलं. प्रवाळातला क्लाऊन मासा काही खाडीत राहत नाही हे खरं, पण खाऱ्या-गोड्यातला हा फरक काही आठवडे सोसायची सोय त्याच्याही शरीरात आहे.

त्याच संध्याकाळी शंभर लिटरची दुसरी टाकी मांडली. तळाशी वाळू नाही, दगड नाहीत. लपायला प्लॅस्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे, हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर आणि पाणी २५-२६ अंशांवर ठेवणारा हीटर. तिच्यात मोठ्या टाकीइतकंच खारं पाणी भरून मासे सोडले. मग पोराला पाटी घेऊन बसवलं. १०० लिटरमधून २० लिटर खारं पाणी काढून तेवढंच क्लोरीन घालवलेलं गोडं पाणी घातलं, तर ३५ चे किती होतात? २८. पुन्हा तसंच केलं, तर २२.४. तिसऱ्यांदा १७.९. चौथ्यांदा १४.३. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, असे दोन दिवसांत चार पल्ले. शाळेत शेकडेवारीला कंटाळणाऱ्या त्या पोराने हा हिशेब दोनदा तपासला.

मोजायला मात्र चांगलं साधन हवं. दुधात पाणी आहे का ते बघायला लॅक्टोमीटर बुडवतात, त्याच तत्त्वावर खाऱ्या पाण्याचं हायड्रोमीटर चालतं. पण काट्याच्या स्वस्त प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर इथे भरवसा ठेवू नये, कारण १४ आणि १८ यांतच यश-अपयश आहे. एक थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे धरून बघायचं रिफ्रॅक्टोमीटर घ्यावं आणि ते अधूनमधून जुळवून घ्यावं. ज्यांचं साधन घनता दाखवतं त्यांनी १.००९ ते १.०१० या आकड्यांत राहावं.

पाचव्या दिवशी सुनेचा फोन आला. "सर, ठिपके गेले की हो! आता सोडू मोठ्या टाकीत?" दुकानदाराचाही तोच सल्ला होता. मी म्हटलं, "स्वल्प तडीरी." वाचकहो, या रोगात माणसं फसतात ती नेमकी इथे. ठिपके औषधाशिवायही जातात. परजीवी मासा सोडून कवचात गेला की मासा स्वच्छ दिसतो, खायलाही लागतो. लोक खूश होऊन उपचार थांबवतात, नाहीतर जे काही घातलं असेल त्याला श्रेय देतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी सगळं दुप्पट जोराने परत येतं. ठिपके गेल्यापासून चार आठवडे मोजायचे, त्याआधी नाही.

दुसरी अडचण एकोणिसाव्या दिवशी आली. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून टाकीतलं कमी झालेलं पाणी रोज गोड्या पाण्यानेच भरायचं असतं. मुलाचे वडील फिरतीवरून आले, टाकी खाली गेलेली दिसली आणि त्यांनी चांगल्या मनाने कोपऱ्यातल्या बादलीतलं खारं पाणी ओतलं. रात्री पोराने मोजलं तर आकडा १८. तेवढ्यात एखादं कवच तग धरून राहिलं असेल की नाही, हे डोळ्यांनी कळायला मार्ग नाही. म्हणून पाणी परत १४ वर आणलं आणि दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. वडीलही ओशाळले. आजींनी मात्र एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मराठी आणि कानडी दोन्हींत लिहून टाकीला लावलं: ‘फक्त गोडं पाणी. उप्पु बेडा.’

या काळात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली अमोनिया. फिल्टरमधले उपकारक जिवाणू मिठाच्या फेरफाराने काही दिवस मंदावतात, माशाच्या विष्ठेतला अमोनिया साठतो आणि तो ठिपक्यांच्या आधी माशाला मारू शकतो. म्हणून अमोनिया तपासायचा संच जवळ ठेवावा आणि पाणी बदलताना नवं पाणी त्याच १४ च्या प्रमाणाचं करून घालावं. दुसरी गोष्ट पाण्याचा सामू, म्हणजे पीएच. मीठ पातळ झालं की पाण्यातले आम्लता रोखणारे क्षारही पातळ होतात आणि सामू घसरतो. तो ८ च्या आसपास राहावा म्हणून स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा अगदी थोडा, आधी पाण्यात विरघळवून, मोजत मोजत घालता येतो. आणि एक सूचना: खारं पाणी करायला स्वयंपाकाचं मीठ वापरू नये. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असे अनेक क्षार असतात. मत्स्यालयासाठी मिळणारं सागरी मीठच घ्यावं.

सत्तेचाळिसाव्या दिवशी मीठ चढवायला सुरुवात केली. उतरवताना दोन दिवस पुरले, चढवताना मात्र घाई चालत नाही. गोडसर पाण्याला सरावलेल्या माशाला मीठ उपसायची यंत्रणा पुन्हा कामाला लावायला वेळ लागतो. रोज हजारी दोनपेक्षा जास्त वाढ नाही, म्हणजे १४ वरून ३५ वर यायला साधारण अकरा दिवस. दोन्ही मासे तगले.

तरीही ते लगेच मोठ्या टाकीत गेले नाहीत. तिथल्या दगडांवरची कवचं अजून जिवंत असू शकतात. बहुतेक कवचं तीन-चार आठवड्यांत फुटतात, पण ७२ दिवसांनी पिल्लं निघाल्याचीही नोंद आहे. म्हणून मोठी टाकी अकरा आठवडे माशांविना चालू ठेवली. मासाच नाही म्हटल्यावर निघालेली पिल्लं उपाशी मरतात. त्याला वेगळं औषध लागत नाही.

आता हा उपचार कुणी करू नये तेही सांगतो. टाकीत शार्क किंवा पाकटाच्या जातीचे मासे असतील तर हा मार्ग बंद. त्यांच्या रक्ताची रचनाच निराळी आहे, युरिया साठवून ती समुद्राच्या पाण्याशी तोल राखते, त्यांना ही घट झेपत नाही. कोळंबी, शंख, तारामासा, समुद्रफूल यांनाही हे पाणी मारक आहे, म्हणून मुख्य टाकीतलं मीठ कधीही कमी करू नये. रोगी मासाच बाहेर काढावा. प्रवाळाचा तर प्रश्नच येऊ नये. २००१ सालापासून प्रवाळाला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे; कुणी विकत असेल तर ते घेऊ नये.

रोग ओळखण्यातही चूक होऊ देऊ नका. ठिपके सुटे सुटे, रव्याच्या कणासारखे असतील तर हा ठिपकेवाला. अंगावर पिठासारखी बारीक सोनेरी-राखाडी भुकटी दिसत असेल आणि मासा भराभर श्वास घेत असेल, तर तो ॲमिलूडिनियम नावाचा दुसरा परजीवी असण्याची शक्यता जास्त. तो कमी मिठालाही दाद देत नाही आणि मासा दोन-चार दिवसांत जातो. तिथे मीठ कमी करत बसणं म्हणजे वेळ घालवणं. त्याला तांब्याचं औषध, तेही मोजूनमापून, लागतं. नुसत्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून काढायचा उपाय पुष्कळजण सांगतात, तोही ठिपकेवाल्यावर पुरा पडत नाही, कारण तो कातडीच्या थराखाली सुरक्षित बसलेला असतो. आणि ठिपकेवाल्याच्याही काही जाती कमी मिठात टिकतात असं तैवानमधल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं आहे. चौदावर पाणी नीट ठेवूनही दोन आठवड्यांनी नवे ठिपके आले, तर हट्ट सोडून तांब्याच्या औषधाकडे वळावं.

हे सगळं दिवाणखान्यातल्या हौसेपुरतं नाही. आपल्या शेजारच्या कारवारला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे समुद्रातल्या पिंजऱ्यांत जिताडा, म्हणजे गोव्याकडचा चणक, वाढवण्याचं काम झालं आहे. हाच परजीवी जिताड्यालाही सोडत नाही. हॅचरीच्या टाक्यांत मीठ कमी करता येतं, पण पिंजरा समुद्रात असला की समुद्राचं मीठ कोण कमी करणार? तिथे पिंजऱ्यात मासे दाटीवाटीने न भरणं, जाळी स्वच्छ ठेवणं आणि आजारी बी आत न येऊ देणं, हाच उपाय उरतो. म्हणजे घरात काय नि धंद्यात काय, रोग आत येण्याआधीच अडवणं स्वस्त पडतं.

म्हणून ज्यांना खाऱ्या पाण्याची टाकी करायची आहे त्यांनी आधी दुसरी छोटी टाकी घ्यावी. नवा मासा कितीही तजेलदार दिसो, त्याला चार ते सहा आठवडे तिच्यातच वेगळा ठेवावा. शक्य तर समुद्रातून धरलेला न घेता पैदाशीतला घ्यावा. क्लाऊन माशांची पैदास आपल्या देशातल्या संशोधन केंद्रांनीही करून दाखवली आहे. आणि या विषयावर पत्र पाठवताना तीन गोष्टी जरूर लिहा: पाण्याचं तापमान, मिठाचा आकडा आणि पहिला ठिपका दिसल्याची तारीख. मराठीत लिहा नाहीतर कानडीत, पण तारीख विसरू नका. त्यावरूनच परजीवी सध्या माशावर आहे की दगडावर, हे सांगता येतं.